फवाऱ्याचं फडकं आणि माझा नेम

—नाही नाही, ते पान नाही गोदाक्का, ते स्पॅनिश आहे. मघाशी मीही त्याच पानावर अडून बसले होते, म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला की काय—उलटा, अजून एक, हां. ते चित्र दिसतंय ना, उलटी टांगलेली बाटली, तिथून वाचा. सावकाश वाचा, पण लवकर वाचा. आणि बसा ना त्या खुर्चीवर, उभ्यानं कसलं वाचन, पाय तेवढे वर घ्या, फरशी ओली आहे—म्हणजे ओली नाहीये, तीच तर पंचाईत, एव्हाना ओली व्हायला हवी होती. मी बटण दाबते तर आतून नुसतं घुर्र घुर्र होतं, पोटात मांजर बसल्यासारखं, आणि पुढच्या भोकातून थेंब म्हणून येत नाही. आणि दिवेलागणीला विद्यूचा फोन यायचाय अमेरिकेहून, त्याच्या आत हे चाललं पाहिजे. का चाललं पाहिजे ते विचारू नका. तुम्ही जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंत म्हणून वरच्या मजल्यावरून तुम्हाला हाक मारली, नाहीतर आज मी कोणालाच घरात घेणार नव्हते. विद्यूनं शपथ घातलीय. कसली? तेच तर सांगायचं नाही. उगाच हसत नाहीये मी. म्हणजे हसतेय, पण उगाच नाही—जाऊ दे, सकाळपासून असंच चाललंय, दूध उतू गेलं तरी हसले, दूध उतू जाताना गॅस बंद करायचं सोडून हसत उभी राहिले.

तुम्ही वाचा, मी सांगते हे फवाऱ्याचं फडकं कसं जोडलं ते, म्हणजे कुठे चुकलं ते तुम्हाला कळेल. खोकं माळ्यावर होतं, गेल्या वर्षी जावईबापूंच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी बॅगेतून आलं तेव्हापासून. क्षितिजनं, म्हणजे जावईबापूंनीच, आपल्या हातानं टेप गुंडाळून पाठवलं होतं, ती टेप विळीवर कापावी लागली. आत दांड्याचे तुकडे निघाले, ते एकात एक घालायचे, टक् वाजलं की बसले समजायचं. मी पहिल्यांदा उलटे घातले, म्हणजे मूठ खाली आणि फडकं वर, छपराची जळमटं काढायला छान झालं असतं. मग खाली ती चपटी पाटी, तिच्या तळाला कापडी पॅड चिकटवायचा—गोंद नाही लागत, त्या मुलांच्या बुटांना चर्र करून उघडणारी पट्टी असते ना, तशी पट्टी आहे. मग सेल. चार पेन्सिल सेल लागतात. दोन टीव्हीच्या रिमोटमधले काढले, एक ह्यांच्या गजराच्या घड्याळातला आणि एक भिंतीवरचा, त्यामुळे आमच्याकडे आता सव्वादहा वाजलेत आणि सव्वादहाच राहणार आहेत. तुमच्या घड्याळात किती झाले? सहा? अगंबाई, मग वाचा, वाचा.

हे? हे टी. नगरच्या बाजारात गेलेत, नवीन सेल आणायला. हो, सेल आपल्या कोपऱ्यावरही मिळतात, मला माहीत आहे. पण मीच पाठवलं. शुक्रवार संध्याकाळ, श्रावण, साड्यांच्या दुकानांतली ती गर्दी—मी म्हटलं जा, तिकडचे सेल टिकतात. अहो, घरात ठेवण्यासारखे नव्हते ते आज. सकाळी गॅलरीत उभे राहून समोरच्या मॅन्शनमधल्या त्या नारायणस्वामींना विचारत होते, न्यू जर्सीला मार्चमध्ये थंडी किती असते हो. त्या बिचाऱ्यांनी इथलं मीनंबाक्कमचं विमानतळसुद्धा आतून पाहिलेलं नाही. आणि मार्चचं नाव काढायची काय गरज होती? तीस-बत्तीस वर्षं बँकेत काढली ह्यांनी, लोकांच्या ठेवी ह्यांना तोंडपाठ, घरी कधी अवाक्षर काढलं नाही, आणि काल पहाटेपासून तोंडाला कडी म्हणून लागत नाही. मार्चचं काही नाही. मार्चमध्ये तिकडे थंडी असते, एवढंच. तुम्ही पुढचं वाचा.

बाटली. हां, बाटलीचं सांगायचं राहिलं. बाटली त्यांनीच भरून दिलेली असते, आत जांभळं पाणी, वास असा की इस्त्रीचे कपडे नि फुलं एकत्र उकळल्यासारखा. वाईट नाही, पण मला सांगा, देवघरासमोर ते शिंपडायचं? त्यात काय काय घातलंय कोण जाणे, कशाची चरबी, कशाचं काय. म्हणून मी ते ओतून टाकायचं ठरवलं, तर झाकण निघेना. ते म्हणे काढायचं नसतंच, बाटली संपली की टाकून नवीन आणायची, अशी त्यांची रीत. पण लोणच्याच्या बरण्यांची झाकणं आयुष्यभर कोणी उघडली? पातेलीत पाणी उकळलं, बाटली उलटी करून झाकण तेवढं बुडवलं, टॉवेलनं धरून पिळलं—निघालं. मग बाटली स्वच्छ विसळली आणि त्यात आपलं भरलं. आपलं म्हणजे पाणी, त्यात चमचाभर गोमूत्र, गंगेच्या गडूतले दोन थेंब, चिमूटभर भीमसेनी कापूर आणि हळद. हळद किती? हळद—हाताला आली तेवढी. दोन मुठी नसेल. शुभकार्य आहे, म्हटलं हळदीशिवाय कसं. अक्का, असं बघू नका. रंग काय सुंदर आला होता, उत्सवमूर्तीच्या पितांबरासारखा.

काय? ‘कंपनीच्या द्रवाखेरीज काहीही भरू नये.’ बरं. हे इतक्या खणखणीत आवाजात वाचायची गरज नव्हती, मी वर्गात बसलेली नाही. आणि त्यांना काय माहीत हळद काय असते.

तर बसली असेल हळद भोकात, तसं म्हणता? मग आता? ‘कोमट पाणी भरून, पाणी स्वच्छ येईपर्यंत बटण दाबून धरावे.’ हे बरं लिहिलंय. हे पहिल्या पानावर लिहायला काय झालं होतं. थांबा, आधी हे ओततेय—मोरीत नाही हो, गंगा आहे त्यात, तुळशीला घालते. … घातलं. आपली तुळस आज माझ्यापेक्षा जास्त शकुनाची दिसतेय. पातेलीत पाणी आहे अजून कोमट. हे भरलं. झाकण. आता बाटली अशी उलटी करायची आणि वरून दाबायची, आत एक टोक असतं ते झाकणात शिरतं, टक्. एवढं आवाजाचं यंत्र मी पाहिलं नाही, प्रत्येक गोष्टीला टक्. मी बटण दाबून धरते, तुम्ही ती सुई घ्या—ती, गजऱ्याच्या दोऱ्याला खोचलेली—आणि त्या भोकात हळूच घाला. तुम्हाला वाकायला येतं, मला नाही येत, म्हणजे येतं, पण परत उठताना कोणीतरी लागतं.

माहितेय, माहितेय, आता तुम्ही तेच म्हणणार. ‘गुडघे काय देवाला दिलेत का वैनी? देवाला स्वतःचे गुडघे आहेत की.’ जिन्यात भेटलात की ऐकवायचात. मी फरशी पुसायला बसले की दारातून डोकावून ‘पोदुम, पोदुम’ म्हणायचात, पुरे झालं, उठा. आणि अलमेलू कामाला येत असताना, भांडी-कपडे तिच्याकडे असताना, फरशी तेवढी मी का पुसते, तीही हातानं, बसून, हे तुम्ही कितीदा विचारलंत आणि मी कितीदा सांगितलं, नेम आहे. नेमाचं कारण सांगू नये म्हणतात, म्हणून सांगितलं नाही. देवळात पार्थसारथीसमोर हात जोडून बोलले होते, घरची फरशी मी गुडघ्यावर बसून पुसेन, दांड्याच्या कुठल्याही वस्तूला हात लावणार नाही, जोवर—जोवर म्हणजे जोवर. त्यात विद्यूनं हे पाठवलं. तिला नेमाचं ठाऊक नव्हतं, तिला एवढंच ठाऊक की आईचे गुडघे दुखतात. दर फोनला विचारायची, आई, वापरतेस का? मी म्हणायची, जपून ठेवलंय गं. ती म्हणायची, जपायला पाठवलंय का, साडी आहे का ती? आणि मी माळ्याकडे बघायची. एकादशीला तर जास्तच बघायची, उपासाच्या पोटी ते खोकं मोठं दिसायचं.

हळद निघतेय का? निघतेय? बघा, बघा, पिवळी धार—अगंबाई, तुमच्या साडीवर गेली. असू दे, असू दे, हळदच आहे, शकुन आहे. अहो हसू आवरत नाहीये मला, तुम्ही अगदी लग्नघरातून आल्यासारख्या दिसताय. दाबते अजून. म्हणजे चालू होतंय तर. होणारच. मी सकाळी ह्यांना म्हटलं, नेम मोडत नाहीये, माळ्यावरून खोकं मी माझ्या हौसेनं काढत नाहीये, लेकीचा डोहाळा आहे, डोहाळा कधी नाकारायचा असतो का, अगदी साक्षात—

…

सुई काढा अक्का. सुई काढा, बोट टोचेल. मी काही बोलले नाही. मी म्हटलं सोहळा. नाही, नसेल म्हटलं. अक्का, असं बघू नका. डोळ्यांत पाणी नका आणू, मग मला पण येईल आणि मी आज अजिबात रडणार नाही असं ठरवलंय.

दार लावा आधी. कडी घाला.

हो. काल पहाटे फोन आला, तिकडची संध्याकाळ. डॉक्टरकडून थेट, गाडीतूनच. ठोके ऐकू आले म्हणाली. आई, घोडा धावावा तसे. मला त्या मशीनचं कळत नाही, पण मागच्या खेपेला तिथवर पोचलंच नव्हतं, हे कळतं. मागच्या खेपेला मी पेढे वाटले होते, तुम्हीही खाल्लेत, तुम्ही तर साखर जास्त झाली म्हणालात. आणि मग महिनाभर जिन्यात, देवळात, भाजीवालीपाशी, कितवा महिना, कितवा महिना—प्रत्येकीला सांगावं लागलं. मी इथे सांगत फिरत होते आणि ती तिकडे खोलीत बसून, आई आज कोणाकोणाला सांगत असेल, ह्याचाच विचार करायची. हे मला तिनं काल सांगितलं. रागावून नाही, अगदी हळू. म्हणाली, म्हणून आई, तिसरा महिना सरेपर्यंत तू, बाबा, मी आणि क्षितिज. पाचवं माणूस नको. मी म्हटलं, देवाशपथ. आणि दोन दिवस झाले नाहीत. दोन दिवससुद्धा नाही झाले अक्का, आणि तुम्ही पाचव्या.

तुमचा दोष नाही. सुई घेऊन बसलेल्या माणसाचा काय दोष.

आणि डोहाळ्याचं सांगते, आता काय राहिलंय. मी विचारलं, काय खावंसं वाटतंय गं, काय पाठवू—आवळा, चिंच, मेथकूट? म्हणाली, खायचं नावच नको. मग म्हणाली, एक वाटतंय. तू खाली न बसता घर पुसतेस असं ऐकावंसं वाटतंय. ह्यांनीच पचकन नेमाचं सांगितलं होतं तिला, गेल्या महिन्यात, मी आंघोळीला गेले तेव्हा. तर म्हणाली, हाच माझा डोहाळा समज. उद्या संध्याकाळी फोन करते, रिसीव्हरजवळ ते यंत्र आण आणि मला फवाऱ्याचा आवाज ऐकव. मी म्हटलं, अगं, आवाज कसला ऐकायचा? तर म्हणाली, तूच सांगायचीस ना, मी पोटात असताना तुला नव्या माठात पाणी पडल्याचा आवाज ऐकावासा वाटायचा आणि आजी रोज रिकामा माठ भरायची. मग मी काय बोलणार? माझ्या सासूबाईंनी माझ्यासाठी माठ भरला, आणि मी फडकं मारायचं नाही म्हणू?

हे बघा, तुम्ही जे विचारणार ते मी रात्रभर स्वतःला विचारलंय. नेम पुरा झाला का? मी ‘गोड बातमी येईपर्यंत’ म्हटलं होतं. ‘बाळ हातात येईपर्यंत’ नव्हतं म्हटलं. म्हणायला हवं होतं का? देव असा शब्दांत पकडतो का? तुमच्याकडे पार्थसारथीसमोर फुलांच्या पुड्या ठेवून कौल घेतात ना, पांढरं निघालं तर हो, लाल निघालं तर नाही—मी सकाळी तिथेच उभी होते, दोन्ही पुड्या बांधून तयार, आणि उचलली नाही. हात धजेना. लाल आलं असतं तर? नेमाकडे बघावं तर लेकीचा डोहाळा राहतो, लेकीकडे बघावं तर देव. मग तिथल्या तिथे वाटलं, पुडी कशाला, डोहाळा म्हणजे पोटातल्या जीवाचं मागणं. पहिलं मागणं. त्यानं मार्चमध्ये यायचं आणि पहिल्याच मागण्याला आजीनं नाही म्हटलेलं ऐकायचं? देवालाच लाज वाटली असती. म्हणून पुड्या तशाच सोडल्या, फुलं वाहून टाकली, पांढरी-लाल दोन्ही, आणि घरी येऊन माळ्याला शिडी लावली. बरोबर केलं ना? बोला ना काही. मान हलवताय ती हो म्हणून की नाही म्हणून? तुमच्या तंजावूरच्या माणसांची मान मला अजून कळत नाही, इतकी वर्षं शेजारी राहून. हो म्हणून? सरी. सरी म्हणता ना तुम्ही. मग झालं.

आता बघा, पाणी स्वच्छ येतंय. हात लावून बघा, हळद गेली. आता दाबते—बघा, बघा, पंख्यासारखा फवारा. गोदाक्का, ही फरशी आहे की गुलाबदाणी? आणि मागून हे असं ढकलायचं, असं, पुढे शिंपडायचं आणि मागून ओढायचं, आणि मी उभी आहे. मी सरळ उभी आहे अक्का. खिडकी दिसते उभ्यानं पुसताना, मला ठाऊकच नव्हतं. बसून पुसताना कपाटाचे पाय दिसायचे नुसते, सगळं आयुष्य कपाटाच्या पायांशी ओळख. सरका, तुमच्या खुर्चीखालचं राहिलं. पाय वर. अजून वर. हे कोपऱ्यात पण जातं, मान वळवतं, तुमच्यासारखी.

आणि नंतरचं पण वाचा, ते जपायचं कसं. ‘पॅड वापरून झाल्यावर टाकून द्यावा’—ते नाही जमायचं, इतकं गुबगुबीत कापड टाकायचं? साबणात भिजवून वाळत घालीन, फाटलं की आपला मदरासी पंचा त्या पट्टीला चिकटतो, मघाशीच चिकटवून बघितला. ‘बराच काळ वापरणार नसल्यास सेल काढून ठेवावेत’—काढणारच आहे, नाहीतर ह्यांच्या बातम्या कशा लागणार. आणि आतापासून बाटलीत साधं पाणी. देवघरापुरतं गंगेचं वेगळ्या वाटीतून, बोटांनी. हळद नाही. तुमच्यासमोर कबूल करते, हळद नाही.

—फोन. अक्का, फोन. सव्वादहा वाजले म्हणून बेसावध राहिले मी. हे घ्या, हे धरा, नाही, इकडे नको, फोनपाशी सतरंजी आहे, भिजेल, स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबा, रिसीव्हरची वायर तोकडी आहे, तुम्ही तिथून दाबा आणि मी इथून धरते. आणि एक शब्द नाही. श्वास पण हळू. तुम्ही नाहीच आहात इथे.

हॅलो. हो गं, मीच. जेवलीस का? म्हणजे नाश्ता. उलटी झाली? मग परत खाल्लंस ना? शहाणी. हो, काढलं ना, जोडलं, सगळं मी एकटीनं जोडलं. बाबा? बाबा टी. नगरला. नाही, कोणी नाही घरात, कोण असणार, मी एकटीच. कोणाला सांगितलं नाही गं, वेडी का काय, भिंतीला पण नाही सांगितलं. हं, ऐक हं. धरते फोन खाली. ऐक.

… आलं ऐकू? आलं ना? अजून? थांब, परत. ऐक.

… विद्यू? ऐकतेस ना? का गं गप्प? हसतेस होय. हस, हस. मागच्या खेपेपासून तुझं असं हसू फोनवर ऐकलं नव्हतं मी. हो, उभीच आहे, सरळ उभी आहे, गुडघा वाकवलेला नाही. काय? हो, मी हॉलमध्येच, फोनपाशी. नाही गं, वायर कुठे तेवढी पोचते, ते फडकं तिकडे आहे, स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणून तर मी फोन खाली—

बटण?

बटण कोण दाबतंय म्हणजे काय?

… नाही, म्हणजे, ते आपोआप—अमेरिकेचं ना ते—अक्का, हसू नका. अक्का, ती ऐकतेय.

हो. हो, गोदाक्का. नाही गं, मी मुद्दाम नाही, सुई हातात होती त्यांच्या, आणि—रागावलीस का? खरंच नाही? मग रडतेस का? हसतेस की रडतेस, एक काहीतरी कर, मला कळत नाही इथून. बरं. बरं, देते.

अक्का, या. फडकं ठेवा तिथेच, या. तुमच्याशी बोलायचंय म्हणते. मागच्या खेपेला तिच्याशी कोणी बोललंच नाही म्हणते, सगळे मलाच विचारायचे. घ्या. मी आता एक अक्षर बोलणार नाही.